लोकल जवाई

चिचटोल्यात माणूस म्हातारा होतो, आजा होतो, दात पाडून नवे बसवून घेतो, पण जावई मरेस्तोवर जावईच राहतो. खोटं वाटत असेल तर रुपरावला विचारा. पारशिवनी तालुक्यातल्या या गावात तो घरजावई म्हणून आला तेव्हा त्याला धड मिशी फुटली नव्हती. आता मिशी पांढरी झाली, तरी रस्त्यावरचं शेंबडं पोरगंही त्याला पाहून ओरडतं, "जवाईबापू आले, जवाईबापू आले!" त्याचं नाव रुपराव आहे हे गावात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. एक त्याची बायको जया, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नाही. दुसरा पोस्टमन, आणि तो बाहेरगावचा.

मान मात्र भरपूर, हो. मानाला कमी नाही. चावडीत मंडळी बसली की अख्खं गाव सतरंजीवर आणि एकुलती एक खुर्ची जावयाला. पंगतीत पहिलं ताट त्याचं. पण पाण्याची टाकी कुठं बांधायची असा काही विषय निघाला आणि रुपरावनं नुसता घसा खाकरला, की बापूजी पाटील हात वर करायचे. बापूजी म्हणजे गावातले जुने जाणते. रीतभात त्यांच्या खिशात असते आणि खिसा ते कोणाला चाचपू देत नाहीत.

"जवाईबापू, तुम्ही पाहुणे. तुम्ही कायले तरास घेता? तुम्ही बसा न चहा घ्या."

चहा यायचा. रुपराव तो प्यायचा. टाकी उतारावर बांधली जायची आणि वरच्या आळीला पाणी चढायचं नाही. मग वर्षभर सगळे म्हणायचे, कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याचं मूळ गाव कळमेश्वराजवळ. तिथलं शेत एमआयडीसीत गेलं, भाऊ उरले. भावांकडे गेला की वहिनी आतून आवाज द्यायची, "चिचटोल्याचे पाहुणे आले वं, नवा टॉवेल काढ!" म्हणजे तिकडंही पाहुणा. त्याचा मुलगा तर याच गावात जन्मला, इथल्याच शाळेत मास्तरांचा मार खाऊन मोठा झाला, आता बुटीबोरीला कंपनीत आहे. पण गावच्या लेकीचं पोर, म्हणून तो साऱ्या गावाचा भाचा. बापलेकांनी मिळून चिचटोल्यात दोन पिढ्या काढल्या आणि दोन्ही पिढ्या पाहुण्यांच्याच.

रुपरावला या सगळ्याचं फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते फक्त पोळ्याच्या दिवशी.

पोळ्याला गावाबाहेरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात. कोणाची जोडी कुठं, ते घराण्यावरून ठरलेलं. रुपरावच्या सासऱ्याची जागा पाटलांच्या अगदी शेजारची, मानाची. सासरा गेला आणि ती जागा रिकामी राहिली. त्याला मुलगा नव्हता, आणि जावई काही घराणं नाही. दरसाल सगळ्या जोड्या लागायच्या, मधे तेवढं एक भगदाड सोडलेलं असायचं, आणि रुपराव आपली जोडी घेऊन ओळीच्या टोकाला, पिंपळाखाली, जिथं गोऱ्हे आणि भाड्याचे बैल बांधतात तिथं उभा असायचा. मेलेल्या माणसाची रिकामी जागा चालते, पण जित्या जावयाचे बैल चालत नाहीत. आता बोला!

आणि गंमत पहा. लाल्या न बंडू, रुपरावची जोडी, ही सासऱ्यानंच वासरं असताना आणलेली. सासऱ्याच्या हातात कासरा होता तेव्हा हेच बैल त्या मानाच्या जागेवर उभे राहिले होते. कासरा रुपरावच्या हातात आला आणि बैलही बाहेरचे झाले. आता लाल्याला उठताना दोन माणसं लागत, बंडूला एका डोळ्यानं दिसत नसे. यंदाचा पोळा त्यांचा शेवटचा, हे रुपरावला दिसत होतं. त्यांना एकदा, फक्त एकदा, त्या जागेवर नेऊन उभं करावं, एवढीच त्याची इच्छा. त्यापुढे त्याला ना आमदारकी हवी होती, ना टाकी.

आता यात सर्फिंग कुठून आलं म्हणाल, तर नागपुराहून आलं.

धरण भरलं तेव्हा चिचटोल्याच्या खालची सगळी जमीन पाण्यात गेली आणि सासऱ्याची एक टेकडी तेवढी वर राहिली. चारी बाजूंनी पाणी, मधे टेकडी. गाव तिला टेकडीच म्हणायचं. मग एक दिवस मोहित नावाचा पोरगा आला. नागपूरच्या धरमपेठेतला, केस कुरळे, पायात चप्पल अशी की विकत घेतली की फाटलेली सापडली ते कळू नये. तो काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "वॉव, आयलंड!" तेव्हापासून ते बेट. जयानं ते त्याला भाड्यानं दिलं आणि तिथं उभा राहिला झिरो माईल सर्फ क्लब. देशात समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन या लोकांनी लाटांवर स्वार व्हायचं ठरवलं होतं. याला म्हणतात जिद्द. बाकी काही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा.

धरणाच्या पाण्याला लाट कुठली? पण त्यावरही तोड निघाली. एक जड मोटारबोट आणली. ती विशिष्ट वेगानं चालवली की तिच्या मागे पाणी उचलतं, त्याची एक लाट होते, आणि बोटीमागे फळीवर उभा राहिलेला माणूस त्या लाटेवर तरंगतो. बोट थांबली की लाट संपली. माणूस बुडाला. ही बोट चालवायला ठेवला रुपरावला, कारण डोंगा वल्हवून टेकडीवर बैलांचा चारा आणायला जाणारा तोच एक होता. म्हणजे झिरो माईल सर्फ क्लबचा समुद्र रुपरावच्या उजव्या हातात होता. डिझेल दिलं की भरती, सोडलं की ओहोटी.

शनिवारी गाड्या भरभरून माणसं यायची. लाट एक, फळ्या पन्नास. मग रांग लागली, आणि रांग लागली की भांडण आलंच. पहिल्या महिन्यात आलेले स्वतःला 'लोकल' म्हणवू लागले. त्यांनी तसे टी-शर्ट छापले. पाण्याकाठी पाटी लावली, 'पहिली लाट लोकलची'. दुसऱ्या महिन्यात आलेले म्हणाले, आम्हीही लोकल. पहिले म्हणाले, तुम्ही रील बघून आलात, आम्ही रील नव्हती तेव्हापासून आहोत. कोणी पुण्याचा आला, कोणी रायपूरचा, तर हे दोन्ही गट मिळून त्याला 'बाहेरचा' म्हणायचे. यांच्यातला जुन्यातला जुना लोकल चिचटोल्यात एक रात्रही झोपलेला नव्हता. संध्याकाळ झाली की सगळे लोकल मच्छर चावतात म्हणून नागपूरला पळायचे.

रुपराव बोटीतून हे बघायचा आणि त्याला मोठी मौज वाटायची. हे सारं त्याला ओळखीचं होतं. नुसती बैलांच्या जागी फळी. बोटीच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नाही म्हणून तो मनाशी झडत्या रचायचा. झडती म्हणजे पोळ्याला तोरणाखाली आरोळी ठोकून म्हणायचं कवन, ज्यात गावातल्या बड्याबड्यांची टोपी उडवायची मुभा असते. पण ती म्हणायची गावच्या माणसानं. जावयानं म्हटली तर ती टिंगल होते. म्हणून रुपरावच्या साऱ्या झडत्या पाण्यातल्या मासोळ्यांनी ऐकल्या.

मोहित मात्र त्याला आवडायचा. एकदा दुपारी दोघंच बोटीत असताना पोरगा मोकळा झाला. तो दोन वर्षं बालीकडच्या एका बेटावर राहिला होता. तिथली भाषा शिकला, तिथल्यांसारखं खाल्लं, तिथल्या पोरांच्या फळ्या दुरुस्त करून दिल्या. "पण काका, पाण्यात गेलो की तेच. चांगली लाट आली की म्हणायचे, तू थांब, तू गेस्ट आहेस. रोज हसून म्हणायचे. हसून म्हटलं की जास्त लागते."

"हाव ना," रुपराव म्हणाला. "मंग चहा देत असन."

"नारळपाणी द्यायचे."

"तेच ते."

रुपरावला त्या पोराची इतकी कणव आली की त्या दिवशी त्यानं डिझेलची पर्वा न करता त्याला एक लांबलचक लाट काढून दिली.

पुढच्या शनिवारी रांगेत जुंपली. रायपूरचा एक पाहुणा मधे घुसला, एका लोकलनं त्याची फळी ओढली, तो म्हणाला तू कोण, हा म्हणाला मी इथला. शब्दानं शब्द वाढला. शेवटी मोहितची भागीदार रितिका, जी क्लबचे फोटो-बिटो पाहायची, ती वैतागून ओरडली, "अरे, थांबा! काकांना विचारा. काका इथले आहेत. इथले फक्त काका आहेत!"

रुपरावच्या हातून बोटीचं चाक सुटता सुटता राहिलं. इथले! त्यानं पुन्हा विचारलं, "काय म्हणता ताई?" ती म्हणाली, "तुम्हीच खरे लोकल, काका. तुम्ही सांगाल तसं." एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याला कोणीही, चुकूनही, म्हटलं नव्हतं. त्यानं काय न्याय दिला हे त्यालाही आठवत नाही.

घरी येऊन त्यानं जयाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"इथले म्हणे!" जया खुदकन हसली. "अजी, नागपूरच्या पोट्ट्याहीले गाय न बैल ओळखता येत नाही, ते तुम्हाले ओळखून राहिले?"

"कोणी तं ओळखलं ना वं."

जयानं वर पाहिलं, आणि पुढची थट्टा गिळून तव्यावरची भाकरी उलटली.

खरी पंचाईत रितिकानं केली. तिनं रुपरावला धोतर नेसवलं, जे त्यानं लग्नातही नेसलं नव्हतं, डोक्याला फेटा बांधला, बोटीच्या टोकावर बसवलं आणि रील काढली. खाली लिहिलं, 'चिचटोल्याचा शेवटचा लोकल'. ती रील नागपुरात फिरली, फिरत फिरत चिचटोल्यात आली, आणि गावाच्या मस्तकात तिडीक गेली.

"शेवटचा लोकल?" बापूजी पाटलांनी नातवाचा मोबाईल हातभर लांब धरून पाहिला. "अन् आम्ही काय मेलो का? अबे, लोकलच दाखवायचा होता तं गावात लोकल कमी आहेत? जवाई दाखवते! उद्या म्हणन, पाटलाची म्हैस लोकल!"

शिष्टमंडळ बेटावर गेलं. मोहितला सांगितलं की तुमचा लोकल बनावट आहे, गाव तुम्हाला अस्सल देईल. मोहितनं हात जोडून विचारलं, "मग काका कुठले?" "ते आमचे जवाई," बापूजी म्हणाले. "म्हणजे आमचेच. पण इथले नाही." मोहितला हे कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर मलाही सांगा.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा रुपरावनं आयुष्यातली सगळी हिंमत गोळा केली आणि तो पाटलांच्या ओसरीवर गेला. त्याला खुर्ची मिळाली.

"बापूजी, औंदा लाल्या-बंडूले मामंजीच्या जागी उभं करू द्या. पुढच्या पोळ्याले नाही राहत ते. मी दूर उभा राहतो पाहिजे तं. बैल उभे राहू द्या."

बापूजी माणूस तसा वाईट नव्हता, लाल्याला वासरू असल्यापासून ओळखत होता. पण रील डोक्यात बसली होती. "जवाईबापू, तुम्ही तं तिकडचे लोकल झाले म्हणते. तिथं पहिला नंबर तुमचा. मंग इथं कायले जागा मांगता?" मग आवाज मऊ करून त्यांनी आत हाक दिली, "वंदना, जवाईबापूले चहा ठेव वं."

रुपराव चहा न घेता उठला. चिचटोल्याच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्याहळदीनं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. रुपराव लाल्याचा खांदा चोळत म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणता म्हणता त्याला रडू आलं. बैल वर्षातून एक दिवस पाहुणे असतात, बाकीचे दिवस घरचे. त्याचं सगळं उलटं होतं. जया बंडूच्या शिंगाला रंग लावत होती. तिनं ते पाहिलं आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "माझा बाप असता ना, तं त्यानं या साऱ्याहीले पिंपळाखाली बांधलं असतं."

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. झुली, घुंगरं, कपाळाला बाशिंगं. जोड्या तशा मोजक्याच उरल्या होत्या, कारण ज्यांच्या जागा मानाच्या त्यांनीच आधी ट्रॅक्टर घेतले. बरेच मानकरी शेजारच्या गावाहून भाड्यानं बैल आणून आपली घराणी उभी करत होते. तोरणाखाली पाटलांची जोडी, तिच्या शेजारी रिकामं भगदाड, आणि पार टोकाला पिंपळाखाली लाल्या, बंडू न रुपराव.

तेवढ्यात क्लब आला. सगळे लोकल, छापील टी-शर्टात, डोक्याला फेटे. मोहितच्या खांद्यावर त्याची फळी. तिला त्यांनी झूल घातली होती, पुढच्या टोकाला बाशिंग बांधलं होतं, आणि रितिकानं हळदीकुंकूही लावलं होतं. मनात पाप काही नव्हतं. पोरं खरोखर भक्तिभावानं आली होती. मोहितनं ओळ पाहिली, मधली जागा रिकामी पाहिली, आणि त्याला पाण्यातला नियम आठवला. रांगेत जागा सुटली की पुढे सरकायचं, नाहीतर दुसरा सरकतो. तो सरळ गेला आणि पाटलांच्या बैलांशेजारी, रुपरावच्या सासऱ्याच्या मानाच्या जागेवर, फळी उभी करून हात जोडून उभा राहिला.

पाटलांच्या बैलानं फळी हुंगली आणि नाक शिंकरलं.

"ए पोट्टेहो!" बापूजींचा आवाज फाटला. "हटा तिथून! ते जागा रिकामी नाही!"

"सॉरी काका! कोणाची आहे?"

मेलेल्या माणसाचं नाव सांगून ही पोरं हटणार नव्हती. जिवंत माणूस पाहिजे होता, आणि आत्ताच्या आत्ता. बापूजींची नजर ओळीवरून धावत धावत पिंपळापर्यंत गेली.

"आमच्या रुपरावची आहे!" लग्नपत्रिकेवर कधीकाळी वाचलेलं नाव आठवून ते गरजले. "आमच्या माणसाची! कुठं मेला रुपराव? ये ना गा समोर! बैल आण आपले!"

अर्धं गाव एकमेकांकडे बघू लागलं की हा रुपराव कोण. खुद्द रुपरावलाही कळायला थोडा वेळ लागला. मग जयानं मागून ढोसलं, "अजी, तुम्हालेच बलावून राहिले! जा ना!"

रुपराव निघाला. लाल्या एकेक पाऊल टाकत होता आणि रुपराव त्याच्या चालीनं. मोहितनं घाईघाईनं फळी उचलली. लाल्या न बंडू त्या जागेवर आले, आणि लाल्यानं, ज्याला उठायला दोन माणसं लागायची, मान वर केली. त्याला जागा आठवली असं रुपराव अजून शपथेवर सांगतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता झडती म्हण गा," बापूजी गुरगुरले. "उभा काय राहिला?"

आणि इतक्या वर्षांची मासोळ्यांची ठेव रुपरावच्या तोंडून बाहेर आली:

"डिझेल जळे, लाट पळे,
धरमपेठचा राजा पाण्यात लोळे,
उठून म्हणे मीच इथला,
बैल हासे गोठ्यातला!
हर बोला हर हर महादेव!"

"हर हर महादेव!" अख्खं मैदान गरजलं. बापूजी तर मांडीवर थाप मारून हसले. कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, "वा रे रुपराव, लय भारी!" बघा, नाव लगेच पाठ झालं. लोकलही हसले, पण जरा उशिरा. मोहित हसला नाही.

आरोळ्या चालू असतानाच तो फळी काखेत धरून जवळ आला. त्यानं टोकाकडे बोट दाखवलं. "काका, तिकडं पिंपळाखालची जागा आता रिकामी झाली ना? आम्ही तिथं उभे राहू? अगदी शेवटी. चालेल?"

रुपरावनं पिंपळाकडे पाहिलं. तिथली माती त्याच्याच पायांनी घट्ट झाली होती. मग त्यानं शेजारी उभ्या बापूजींकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, आणि अगदी मायेनं, अगदी हसून म्हणाला, "तुम्ही पाहुणे हो, बाबू. तुम्ही कायले तरास घेता? तिकडं खुर्ची आहे. बसा न चहा घ्या."

मोहित त्याच्याकडे पाहतच राहिला. मागे उभ्या जयानं कपाळावर हात मारला.

"झाला वं माय," ती म्हणाली, "एकदाचा गावचा झाला."